उसना बैल

मला बैलांच्या झुंजी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिला प्रश्न तोच येतो आणि तो विचारणाऱ्याचं तोंड मला बघवत नाही. मी एकही झुंज पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. मला आवडतात ती त्या झुंजींची जुनी पोस्टरं. स्पेनमधली, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची. आठवडाभर भिंतीवर टिकली तरी पुरे, अशा हिशोबानं पातळ कागदावर छापलेली. हा फरक ज्यांना कळत नाही त्यांना मी समजावत बसत नाही. नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला आमच्या इमारतीत आणि आसपास पुण्या-मुंबईची बरीच कुटुंबं आहेत. त्यातली एक बाई हळदीकुंकवाला आली आणि हॉलच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "हे वास्तूला चालतं का हो?" पुढच्या वर्षी तिला बोलावलं नाही.

सॉफ्टवेअर टेस्टिंग हे माझं पोटापाण्याचं काम. दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, पुरावे जोडायचे आणि ज्याची चूक त्याच्या पदरात घालायची. वीस वर्षं हे केल्यावर माणसाचा स्वभाव गोड राहत नाही. नवरा म्हणतो, आधीही नव्हता.

पोस्टरांचा नाद मला रॉटरडॅमच्या एका म्हाताऱ्यानं लावला. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मी दुकानदाराशी हुज्जत घालत होते, की हे पोस्टर जुनं नाही, नंतर टुरिस्टांसाठी काढलेली नक्कल आहे. मागून आवाज आला, "बाई बरोबर बोलतायत. उद्धटपणे बोलतायत, पण बरोबर." हा तो म्हातारा. जन्म बंदरात नोकरी करण्यात गेलेला. व्हॅलेन्सियाहून संत्र्यांची जहाजं यायची तेव्हा त्यांवरचे खलाशी त्याला पोस्टरांची गुंडाळी आणून द्यायचे आणि हा त्यांना चीज द्यायचा. बायको नाही, मूल नाही, दोन खोल्या, आणि सपाट खणांच्या कपाटात तीनशेच्या वर पोस्टरं.

मग मी शनिवारी त्याच्याकडे जायला लागले. एक कॉफी, एक बिस्किट आणि एक पोस्टर. दुसरं बिस्किट मिळत नसे आणि दुसरं पोस्टरही नाही. टेबलावर पोस्टर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा." मी लगेच सुरू व्हायचे, की हा रंग असा, ती रेष तशी. तो कंटाळून म्हणायचा, "तुम्ही बघत नाही. बोलता." एवढं स्पष्ट मला माझ्या सासूनंही कधी ऐकवलेलं नाही. पण मी जात राहिले. त्याच्याकडेच मला कळलं की ही चित्रं दगडावर काढून दगडावरून छापलेली आहेत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. बैल काळा दिसतो पण त्यात काळा रंगच नसतो, निळ्यावर तपकिरी चढवलेला असतो. वरच्या अर्ध्या भागात चित्र असतं, खालच्या अर्ध्यात गावाचं नाव, तारीख, लढणाऱ्यांची नावं. चित्र एकदाच गठ्ठ्यानं छापून ठेवायचे आणि मग ज्या गावाची मागणी येईल तो मजकूर खाली चढवायचे. एकच बैल दहा गावांत दहा वेळा मरायचा.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद होण्याआधीच्या शेवटच्या शनिवारी त्यानं मला दारातच थांबवलं. त्याची फुप्फुसं आधीच खराब होती. हातात पुठ्ठ्याचं सपाट फोल्डर दिलं. म्हणाला, "आता मी कित्येक महिने कुणाला घरात घेणार नाही. हे घेऊन जा. रोज बघा. परत आणाल तेव्हा काय दिसलं ते मला सांगा." मी आभार मानायला लागले तर हात वर केला. "माझ्यामागे हे कपाट कुणाकडे जाणार हे ठरवायचं राहिलंय. बघू. आधी हे एक जसंच्या तसं परत आणा."

मी ट्राममध्ये ते फोल्डर मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला ते कपाट हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. कुणीतरी माझी परीक्षा घेतंय आणि मी त्यात पहिली येणार, याची मला खात्री होती.

आत होतं ते दुकानाच्या काचेत लावायचं लहान पोस्टर. हातभर लांब, वीतभर रुंद. बैल नुकताच वळलाय, मान खाली, पुढचे पाय वाळूत रुतलेले. लढणारा माणूस पूर्ण दिसतच नाही; त्याचा अर्धा खांदा आणि गुलाबी-पिवळ्या कापडाची कड तेवढी चौकटीत आलीय. मागं गर्दी, नुसते ठिपके. आणि खालचा अर्धा भाग कोरा. मजकूर चढवायचा राहून गेलेला. गाव नाही, तारीख नाही, नावं नाहीत. असलं कोरं पोस्टर सहसा सापडत नाही, कारण कोऱ्याचा कुणाला उपयोग नसतो.

आता बाबा. माझे वडील तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात सदतीस वर्षं ग्रंथपाल होते. आई गेल्यावर पहिल्यांदाच ते माझ्याकडे आले, जानेवारीत, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ते अडकले. दोन बेडरूमचं आमचं घर. एका खोलीत नवऱ्याचे कॉल, दुसऱ्या खोलीत मुलीची शाळा, डायनिंग टेबलावर माझं ऑफिस, आणि हॉलमध्ये सोफ्यावर बाबा, पोस्टरांच्या भिंतीसमोर. आल्या दिवशीच ते म्हणाले होते, "जिवंत जनावराला भोसकण्याची जाहिरात. आणि तीही देव्हाऱ्यासमोर." मी म्हटलं, "चित्र बघा बाबा, जाहिरात बघू नका." त्यावर त्यांनी खुर्ची उचलली, खिडकीकडे तोंड करून ठेवली आणि भिंतीकडे पाठ करून बसले. ते पुढचे कित्येक महिने तसेच बसले. बोलले असते तर मी भांडले असते. त्या खुर्चीशी काय भांडणार?

भांडायला बाकी भरपूर होतं. मी खिडकी उघडायची, ते लावायचे. मी भाजी आणली की ते दोनदा धुवायचे, आणि सुपरमार्केटातून आलेलं दुधाचं खोकंही पुसायचे. संध्याकाळी समोरच्या गॅलरीतले डच लोक डॉक्टरांसाठी टाळ्या वाजवायचे तेव्हा हेही उभे राहून वाजवायचे, आणि मी उठले नाही की माझ्याकडे बघायचे. एके दिवशी त्यांनी माझे मसाल्याचे डबे अकारविल्हे लावून ठेवले. ओवा पहिला, हळद शेवटी. तेल तापून धूर निघाला तरी मला मोहरी सापडेना. मी म्हटलं, "हे वाचनालय नाही." ते म्हणाले, "असतं तर वस्तू सापडल्या असत्या." नवरा आतून ऐकायचा आणि बाहेर यायचा नाही. शहाणा माणूस.

रोज सकाळी, लॅपटॉप उघडायच्या आधी, मी चहाचा कप लांब ठेवून ते फोल्डर उघडायचे आणि दहा मिनिटं बैलाकडे बघायचे. नेमानं. बाबांनी एकदा खुर्चीतून मान वळवून विचारलं, "हे नवीन आणलंस?" मी म्हटलं, "हो." कुणाचं, कशासाठी, परत द्यायचंय, यातलं काहीच सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर म्हातारा कोण, परक्या पुरुषाकडे दर शनिवारी कशाला, इथपर्यंत गेलं असतं. "हो" म्हटलं की विषय संपतो. मला त्या दिवसांत सगळेच विषय संपवायचे असायचे.

ऑगस्टच्या शेवटी मुलगी मोठ्या शाळेत जाणार होती. इथंही शाळा सुरू होताना पुस्तकांना कव्हरं घालावी लागतात. सुपरमार्केटात त्या आठवड्यात ब्राऊन पेपरचे आणि चिकटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकचे रोल येऊन पडतात. बाबांना हे कळलं आणि माणूस एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. कात्री मागितली, स्टीलची पट्टी मागितली, मऊ धोतराचं फडकं त्यांनी स्वतःच्या बॅगेतून काढलं. दोन दिवस आजोबा आणि नात जमिनीवर बसले होते. ते मराठीत बोलायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं बिनबोभाट चाललं होतं. पट्टीच्या कडेनं हवा कशी ढकलत न्यायची, फुगा कसा राहू द्यायचा नाही, हे त्यांनी तिला शिकवलं. मी तेवढे दोन दिवस सुखात काम केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बेडरूममध्ये जाऊन एक लांबलचक मीटिंग केली. बाहेर आले तर टेबलावर पोस्टर होतं. चमकत होतं. बाबा शेजारी उभे होते, हातात पट्टी, आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या प्लास्टिकमध्ये बंद केलं होतं. कडा सारख्या कापलेल्या, एकही फुगा नाही, एक सुरकुती नाही. सदतीस वर्षांचा हात. निळ्यावर तपकिरी चढवलेला तो बैल, ज्याचा रंग खडूसारखा कोरडा दिसायचा, तो आता हॉटेलच्या मेनूकार्डासारखा चकाकत होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "मुद्दाम केलंत."

ते म्हणाले, "काय?"

"तुम्हाला ही चित्रं डोळ्यांसमोर नकोत. बोलून भागलं नाही, पाठ करून भागलं नाही, म्हणून हे. हे माझं नाही बाबा. लोकांचं आहे. मला परत द्यायचंय ते."

"लोकांचं?" त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मला अजून आठवतं, ती आवाज न करता ठेवली.

मी तिथं थांबायला हवं होतं. थांबले नाही. लोकांच्या वस्तूला हात लावायची अक्कल नाही का, म्हटलं. आई असती तर तिनं तरी तुम्हाला आवरलं असतं, म्हटलं. विमानं सुरू होतील तेव्हा पहिल्या विमानानं जा, म्हटलं. मुलगी दारात येऊन उभी होती. ती इंग्रजीत म्हणाली, "आजोबांना कुणी सांगितलं होतं का ते दुसऱ्याचं आहे?" मी म्हटलं, "तू मध्ये बोलू नकोस." नवऱ्याच्या खोलीतला कॉल म्यूट झाला होता, हे मला कळलं. बाबांनी पायांत बूट घातले आणि ते खाली कालव्याकडे फिरायला गेले.

ते गेल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. वरच्या उजव्या कोपऱ्यात प्लास्टिकची कड नखानं उचलली आणि ओढली. निघेल असं वाटलं. रागात माणसाला काहीही वाटतं. प्लास्टिकबरोबर वाळूचा पिवळा रंग निघून आला आणि खाली नखाएवढा पांढरा कागद उघडा पडला. मी ते घाईघाईनं परत दाबून बसवलं. पिवळा तुकडा जागेवर बसला नाही, तिरका बसला. हे कुणी पाहिलं नाही.

पुढचे दोन आठवडे बाबा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. बाबा आमच्या आधी जेवून घ्यायचे. स्वतःचं ताट धुऊन पालथं घालायचे. मी हेगमधल्या कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईला फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, की प्लास्टिक काढायला गेलात तर रंगही येईल, हात लावू नका. हात लावून झाला होता. नवऱ्यानं मध्यस्थी करायचा प्रयत्न केला. "अगं, त्यांनी चांगल्यासाठीच केलं असेल." मी म्हटलं, "चांगल्यासाठी करणाऱ्यांनीच माझं आजवर वाटोळं केलंय." तो परत खोलीत गेला.

म्हाताऱ्यानं सप्टेंबरमधल्या एका शनिवारी बोलावलं. मी त्याला आधी काहीच कळवलं नव्हतं. निघायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, मास्क लावून दारात उभे. "मी येणार. केलं मी आहे, माफी मी मागणार."

मी म्हटलं, "यायचं तर या. पण तिथं एक अक्षर बोलायचं नाही. मी बोलेन."

त्यांनी मान हलवली.

म्हाताऱ्यानं सगळ्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या. आम्ही कोट न काढता टेबलाभोवती लांब लांब बसलो. कॉफी नव्हती. बाबांनी आत आल्यावर दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि मग ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. मी फोल्डर पुढं सरकवलं. म्हाताऱ्यानं ते उघडलं. मग पोस्टर उचलून खिडकीशी नेलं, उजेडात तिरकं धरलं.

"कुणी केलं?" आम्ही इंग्रजीत बोलायचो. बाबांना इंग्रजी चांगलं कळतं, आयुष्यभर वाचलंय.

"माझ्या वडिलांनी," मी म्हटलं, आणि बोटही दाखवलं. खोलीत आम्ही तिघंच होतो, तरी दाखवलं.

"आणि हा कोपरा?"

मी एक क्षणही घेतला नाही. "तोही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हाताऱ्याकडे वळून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "येस." त्या घरात त्यांनी उच्चारलेला तो एकच शब्द.

मला वाटलं, आता म्हातारा बाहेर काढणार. पण तो पोस्टर घेऊन परत टेबलाशी आला, बसला आणि म्हणाला, "ठीक आहे. काय दिसलं ते सांगा."

मी तयारीनं गेले होते. बैलाच्या मानेपासून कापडाच्या कडेपर्यंत जाणारी तिरकी रेष सांगितली. माणूस अर्धाच का दाखवलाय ते सांगितलं. काळ्यात काळा नाही, हे सांगितलं. आणि मग माझं हुकमी पान काढलं, ती कोरी जागा: की गाव, तारीख, नाव काहीच नसल्यामुळे हा बैल अजून कुठल्याच गावात मेलेला नाही. हे वाक्य मी एप्रिलपासून घोळवत होते.

"आणखी?"

"एवढंच."

तो थांबून राहिला. मला शेजारी हालचाल जाणवली. बाबांचा उजवा हात गुडघ्यावरून थोडा वर आला होता, वर्गात मुलं अर्धवट वर करतात तसा. मी मुलीला गप्प करताना बघते तसं त्यांच्याकडे बघितलं. हात परत गुडघ्यावर गेला.

म्हाताऱ्यानं फोल्डर बंद केलं. "कोऱ्या जागेबद्दल सगळेच बोलतात," तो म्हणाला. "प्लास्टिकचं काय करायचं ते मी बघेन. प्लास्टिकचं मला एवढं दुःख नाही."

"पुढच्या शनिवारी येऊ?"

"नको."

डच माणसाचा नकार कागदात गुंडाळलेला नसतो. मी उठले. बाबांनी परत हात जोडले. जिन्यात मी त्यांच्या पुढं चालत होते, त्यांच्यासाठी थांबले नाही.

रॉटरडॅमहून रायस्वाइकची गाडी अर्धी रिकामी होती. आम्ही समोरासमोर बसलो, मधल्या सीटवर बसू नये म्हणून फुल्या मारलेल्या. मी म्हटलं, "झालं समाधान?"  डेल्फ्ट स्टेशन गेल्यावर त्यांनी मास्क नाकावर नीट केला आणि विचारलं, "त्या गर्दीत अंगठा होता तो बघितलास ना तू?"

"कसला अंगठा?"

"डाव्या अंगाला वरती. बाकीची डोकी ब्रशनं टेकवलीत. एक डोकं नुसता अंगठा टेकवून केलंय. अंगठ्याच्या रेषा उमटल्यात, बारीक. ते शिळाछाप आहे ना?"

मी हो म्हटलं. शिळाछाप हा शब्द मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"आमच्याकडे शिळाछाप पोथ्या होत्या. क्वचित एखाद्या पानावर छापणाऱ्याचं बोट सापडायचं. मी मुलांना दाखवायचो. फडक्यानं धूळ टिपत होतो ना, तेव्हा दिसलं. तिथंच नेमकी जुनी घडी आलीय आणि रंग सुटत होता. म्हटलं, माणसाचा अंगठा आहे, जाईल हा. म्हणून लावलं प्लास्टिक. परत द्यायचंय हे माहीत असतं तर हात लावला नसता. पोरीची शाळेची पुस्तकं भाड्याची आहेत, त्यांना नुसता ब्राऊन पेपर घातला, डिंकाचा थेंब नाही. तिच्या वह्या तिच्या, त्यांना प्लास्टिक. हे नवीन आणलंस का विचारलं, तर हो म्हणालीस तू."

मी जवळजवळ सहा महिने रोज दहा मिनिटं बघत होते. मला अंगठा दिसला नव्हता.

"मग तिथं बोलला का नाहीत? तो त्याचीच वाट बघत होता, बाबा. त्याला तेच हवं होतं."

"तू नको म्हणालीस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी म्हाताऱ्याला मेल लिहिली. डावीकडे वरच्या बाजूला गर्दीत अंगठा आहे, तो माझ्या वडिलांनी पाहिला, मी नाही. घडीवरचा रंग सुटत होता म्हणून त्यांनी प्लास्टिक लावलं. ते दुसऱ्या कुणाचं आहे हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. चांगली लांब मेल होती. लिहून मला मोकळं वाटलं, थोडी मोठ्या मनाचीही वाटले मी मला.

चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी आलं, दोन ओळींचं. "शनिवारी वडिलांना पाठवा, कपाट बघायला. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

मला राग आला, खोटं का सांगू. ज्या कपाटासाठी मी दोन वर्षं एका बिस्किटावर शनिवार काढले, ते यांना एका अंगठ्यावर उघडलं. तरी मी उठले, लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "वाचा. तुम्हाला बोलावलंय. गाडी, ट्राम मी समजावून देते, फार सोपं आहे."

त्यांनी चष्मा लावला. वरची दोन ओळींची मेल वाचली. मग खाली सरकवत माझी मेल वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटानं एकेक ओळ धरत. परत वर गेले, परत खाली आले. मला वाटलं, त्यांना आनंद झालाय आणि ते दाखवत नाहीयेत.

"कोपऱ्याचं लिहिलेलं दिसत नाही," ते म्हणाले.

 म्हणजे त्यांना माहीत होतं. स्वतःच्या हातानं चिकटवलेलं प्लास्टिक त्यांनी नंतर एकदा तरी पाहिलं असणारच.

"लिहिते नंतर," मी म्हटलं. "तुम्ही जाऊन तर या."

त्यांनी चष्मा काढला, मिटला आणि लॅपटॉप माझ्या हातात परत दिला.

"त्या माणसाला वाटतंय, तो कोपरा मी फाडला. मी हो म्हणून आलोय," ते म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं त्याच्या घरी जाऊन बसू?"